पेडण्याचा बोगदा

(राइट टाउन येथील गेल्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीचे चिटणीस घरी आले आणि म्हणाले, "यंदा एक दिवस तुम्ही बोला." मी म्हटले, "अहो, काल ज्ञानेश्वरीवर व्याख्यान, उद्या नाट्यगीते, मध्ये मी काय बोलणार?" ते म्हणाले, "तुमचा विषय." मी म्हटले, "माझा विषय बोगदा." चिटणीस थोडा वेळ गप्प बसले. मग चहा आला आणि विषय पक्का झाला. तेव्हा आज जो काही कंटाळा येईल त्याला आम्ही दोघेही जबाबदार आहोत.

मी रेल्वेत पी.डब्ल्यू.आय. होतो. म्हणजे रूळ, स्लीपर, खडी, कटिंग, नाल्या आणि गँगमन हा माझा संसार. बोगदे बांधणारा इंजिनिअर मी नव्हे. बोगदा बांधून झाल्यावर त्यातून ट्रॉलीने जाऊन कुठे पाणी गळते आहे ते वहीत लिहिणारा माणूस मी. एवढे आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी फार खोल प्रश्न विचारणार नाही.

आपण जबलपूरची मराठी माणसे. आपल्या प्रत्येकाच्या लहानपणी एक बोगदा असतोच. मे महिन्याची सुटी, मुंबईची गाडी, इटारसी सोडायची ती रात्री, सकाळी नाशिक, इगतपुरी, आणि मग कसाऱ्याचा घाट. डब्यात अंधार झाला की पोरे ओरडायची, आजी पुटपुटायची, कुणीतरी खिडकी लावा म्हणायचे. त्या घाटातली लाइन १८६५ साली सुरू झाली. पुढे १८७० च्या मार्च महिन्यात मुंबईकडून आलेली जी.आय.पी. आणि कलकत्त्याकडून आलेली ईस्ट इंडियन अशा दोन रेल्वे आपल्या जबलपुरात एकमेकींना मिळाल्या आणि मुंबई-कलकत्ता सलग गाडीचा मार्ग झाला. आपल्यापैकी अनेकांचे आजे-पणजे त्याच लाइनने इकडे आले, काही नोकरीला, काही शिक्षक म्हणून, काही वकिलीला. तेव्हा आपण इथे बसलो आहोत तेही एका अर्थी त्या बोगद्यांतून येऊनच.

पण ते सगळे बोगदे खडकातले. आमच्या लाइनवर इटारसीजवळ बागरातव्याचा बोगदा आहे, तोही जुना. खडकातला बोगदा म्हणजे सुरुंग लावायचा, दगड फोडायचा, बाहेर काढायचा. कष्ट प्रचंड, धोकाही मोठा, भोर घाटात तर पटकी आणि अपघात मिळून हजारो मजूर गेले. पण चांगल्या खडकाचा एक गुण आहे. तो स्वतःचा भार स्वतः उचलतो. आपण मदनमहालची ती एकावर एक ठेवलेली शिळा पाहतो ना, बॅलन्सिंग रॉक? २२ मे १९९७ च्या पहाटे भूकंप झाला, आपल्या भिंतींना तडे गेले, लोक मच्छरदाणीसकट रस्त्यावर आले, आणि ती शिळा जिथे होती तिथेच राहिली. जबलपूरकराचा दगडावर जो विश्वास आहे तो उगीच नाही.

मला आज सांगायचा आहे तो बोगदा मातीतला आहे. गोव्यात, पेडण्याला.

माझी सासुरवाडी सावंतवाडीकडची. लग्न झाले तेव्हा तिकडे जायचे म्हणजे काय दिव्य असे ते इथल्या काही जावयांना ठाऊक आहे. कोल्हापूर किंवा बेळगावपर्यंत गाडी, पुढे एस.टी., घाट, आणि सासरी पोचेपर्यंत जावयाचा सगळा रुबाब उतरलेला. त्यामुळे कोकण रेल्वे होणार म्हटल्यावर आमच्या घरी दुहेरी आनंद होता. सौभाग्यवतींना माहेर जवळ येणार होते आणि मला माझ्या खात्याचे काम जवळून बघायला मिळणार होते.

१९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. त्या वेळी जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधू दंडवते अर्थमंत्री होते, हे कोकणचे भाग्य. महामंडळाचे प्रमुख ई. श्रीधरन. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरची लाइन, लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल, आणि नव्वदच्या वर बोगदे. सगळे बोगदे एकापुढे एक ठेवले तर ८४ किलोमीटर भरतात. म्हणजे आपण जबलपूरहून निघालो आणि नरसिंगपूर येईपर्यंत डोक्यावर डोंगरच, असे समजा. त्यातला रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. लोक त्याचेच कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. पण करबुडे खडकात आहे. तिथे स्वीडनहून आणलेली ड्रिलिंगची यंत्रे चालली आणि काम पुढे सरकत राहिले.

खरी गोष्ट नऊ बोगद्यांची आहे. ते मऊ मातीत होते. तिथे त्या यंत्रांचा काही उपयोग नव्हता.

कोकणातला जांभा दगड तुम्ही पाहिलेला असेल. लाल, भोके भोके असलेला, घराच्या भिंतीला वापरतात. वरून कठीण दिसतो. पण पाऊस पडला की त्या भोकांतून पाणी सरळ खाली उतरते. जांभ्याच्या खाली पुष्कळ ठिकाणी एक प्रकारची चिकणमाती असते, पांढरट, पिवळट, जांभळट. तिकडे तिला शेडी म्हणतात. कोरडी असली की पहारीला दाद देत नाही. तिच्यात पाणी भरले की दंतमंजनाच्या ट्यूबमधल्या पेस्टसारखी बाहेर येते. आता कल्पना करा, अशा मातीच्या डोंगरात तुम्हाला आगगाडी जाईल एवढे भोक पाडायचे आहे. कोकणात पाऊस चार महिने. भूजलाची पातळी बोगद्याच्या माथ्याच्याही वर. म्हणजे तुम्ही खणता आहात ते प्रत्यक्षात पाण्याने भरलेल्या पोत्याच्या आत.

खडकात खणले की छत काही तास, काही दिवस, कधी कधी वर्षानुवर्षे उभे राहते. ओल्या शेडीत ते किती वेळ उभे राहील याचा नेम नाही. म्हणून तिथे मोठे तोंड उघडायचेच नाही. आधी वरचा अर्धा भाग, तोही हातभर हातभर. खणण्याआधी पुढच्या मातीत वरून लोखंडी गज किंवा पाइप घुसवायचे, म्हणजे छत्रीच्या काड्या आधी आणि कापड नंतर. थोडे खणले की लगेच लोखंडी कमान उभी करायची, लगेच सिमेंटचा फवारा मारायचा, पाण्याला वाट काढून द्यायची. मग पुढची हातभर. यात कुठे घटकाभर उशीर झाला, कुठे पाण्याचा एखादा झरा लागला, की वरची माती खाली आली. आणि आली ती आली. ती उपसायला जावे तर वरून आणखी येते. शेवटी वर पोकळी तयार होते आणि ती चढत चढत कधी डोंगराच्या माथ्यावर खड्डा पडतो. कालपर्यंत झालेले काम आज शून्यावर. पुन्हा पहिल्यापासून.

नऊ बोगद्यांत हे अनेकदा झाले. या मऊ मातीच्या बोगद्यांत एकूण चार वर्षे गेली आणि १९ माणसे गेली. संपूर्ण कोकण रेल्वेच्या बांधकामात मेलेल्यांची संख्या ७४ सांगतात. त्यातली १९ फक्त या नऊ बोगद्यांतली. हे आकडे मी पुन्हा सांगणार आहे, म्हणून लक्षात असू द्या.

या नवांत सगळ्यांत हट्टी निघाला तो पेडण्याचा. लांबी म्हणाल तर दीड किलोमीटरच्या आसपास, करबुड्याच्या चौथाईही नाही. पण सगळी कोकण रेल्वे त्याच्यासाठी खोळंबली. पाहा कशी. उत्तरेकडून लाइन तयार होत होत डिसेंबर १९९६ मध्ये सावंतवाडीपर्यंत आली. दक्षिणेकडून, मंगळूर, उडुपी, कारवार, मडगाव करत ऑगस्ट १९९७ मध्ये पेडण्यापर्यंत आली. दोन्हीकडचे रूळ तयार, दोन्हीकडे गाड्या धावताहेत, आणि मध्ये थोडकेच अंतर. त्या अंतरात मडुऱ्याजवळचा तो डोंगर. मुंबईच्या माणसाला सावंतवाडीला उतरून पुढे रस्त्यानेच जावे लागे. मी त्या वर्षी दिवाळीत सासुरवाडीला गेलो होतो. मेव्हणा म्हणाला, "दाजी, आमची लाइन सगळी झाली हो, फक्त जोडायची राहिली." लोक चेष्टा करत होते, की मुंबईहून गोव्याला जाता येते, पण गोव्यात शिरता येत नाही.

२६ जानेवारी १९९८ ला एकदाची सगळी लाइन खुली झाली आणि १ मे १९९८ ला पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी रत्नागिरीत हिरवा झेंडा दाखवला. पेपरात मोठी छायाचित्रे आली. मला सांगायला अभिमान वाटतो की आमच्या घरी त्या दिवशी शिरा झाला होता.

इथे व्याख्यान संपायला हरकत नव्हती. पण बोगदा संपत नाही.

तेव्हापासून आजपर्यंत कित्येक पावसाळे आले. ६ ऑगस्ट २०२० ला पहाटे, म्हणजे कोरोनाच्या त्या वर्षी, मडुरे आणि पेडणे या स्टेशनांच्या मध्ये याच बोगद्याच्या भिंतीचा पाचेक मीटरचा भाग कोसळला. टाळेबंदीमुळे गाड्या मोजक्याच होत्या. कोणाला इजा झाली नाही. गाड्या पनवेल, पुणे, मिरज, लोंढा अशा फिरवून नेल्या आणि बोगदा सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बंद राहिला. आपण सगळे घरात कोंडलेले, त्यामुळे ती बातमी कोणाच्या फारशी लक्षात नसेल. मी मात्र कापून ठेवली होती. सौ. म्हणाल्या, जगात एवढे चालले आहे आणि तुम्ही बोगदा काय कापता?

मग ९ जुलै २०२४. त्या दिवशी आम्ही दोघे तिकडेच होतो. सावंतवाडीला भाच्याची मुंज आटोपून मडगावला नातेवाइकांकडे जायचे होते. दुपारी अडीचच्या सुमारास पेडण्याच्या बोगद्यात पाणी आणि चिखल यायला लागला. स्टेशनवर आधी सांगितले, गाडी थोडी लेट आहे. रेल्वेत आयुष्य काढलेल्या माणसाला 'थोडी लेट'चा अर्थ कळतो. रात्री काम झाल्यासारखे वाटले, पहाटे पुन्हा पाणी आले, आणि वाहतूक सुरळीत व्हायला दुसऱ्या दिवसाची रात्र उजाडली. रात्र उजाडली म्हणालो का? असू द्या, त्या दिवशी तसेच वाटले होते. गंमत बघा, कोकणातल्या गाड्या लोणावळ्याकडून फिरवल्या, म्हणजे १८६३ साली बांधलेल्या भोर घाटातून. नातवाचे जमेना तेव्हा आजोबांनी ओझे उचलले.

प्लॅटफॉर्मवर लोक चिडले होते. साहजिक आहे. कोणाचे विमान, कोणाचा इंटरव्ह्यू, कोणाचे औषध. एक तरुण मुलगा मोबाइलवर मोठ्याने सांगत होता, "काय तरी मातीबिती आलीय रे, पंचवीस वर्षं झाली, अजून यांना एक भोक नीट करता येत नाही." मीही मनातून घड्याळच बघत होतो. खोटे कशाला सांगू.

बाकावर माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. साठीच्या आतबाहेरचे, पायजमा, डोक्याला टॉवेल. माझे आडनाव, गाव, जात सगळे पाच मिनिटांत विचारून झाले. मी रेल्वेतून रिटायर झालो म्हटल्यावर त्यांनी सांगितले की ते बोगद्याच्या कामावर होते. मक उपसायला. मक म्हणजे खणून निघालेला ढिगारा, हा शब्द तिकडे सगळ्यांनाच माहीत आहे. मी विचारले, "अहो, अजून पाणी कसे येते?" त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जसा मी पहिलीतला विद्यार्थी आहे. म्हणाले, "साहेब, डोंगर पाणी पिता. पियालेला पाणी खंयसून तरी भायर येतलाच."

मला सांगा, भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात याहून वेगळे काय लिहिले आहे? डोंगर दरवर्षी तेवढेच पाणी पितो. आपण त्याच्या पोटात सिमेंटचे अस्तर घातले म्हणून त्याची तहान काही कमी झाली नाही. अस्तराच्या मागे पाणी साठते, दाब वाढतो, वाट मिळेल तिथून ते निघते. म्हणून अशा बोगद्याचे काम उद्घाटनाच्या दिवशी पुरे होत नसते. नाल्या साफ ठेवणे, भिंतीला फुगवटा आला का पाहणे, रुळाची पातळी तपासणे, पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन, म्हणजे आता टॉर्च घेऊन, माणूस चालवणे, हे जन्मभराचे काम. हे माझे काम होते म्हणून मी ते मोठे करून सांगतो असे वाटेल, पण त्याला इलाज नाही.

त्या गृहस्थांना मी आणखी एक विचारले. माती खाली आली तेव्हा तुम्ही आत होतात का? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, एकदा शिफ्ट बदलली होती. एवढेच. पुढे मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. थोड्या वेळाने त्यांनी आम्हा दोघांना शेंगदाण्याची पुडी दिली.

रत्नागिरी स्टेशनाजवळ श्रमशक्ती स्मारक आहे, कोकण रेल्वे बांधताना मृत्यू पावलेल्यांचे. तुम्ही कधी उतरलात तर अवश्य बघा. आपल्याकडे रेल्वे बांधताना मेलेल्यांचे स्मारक ही फार थोड्या ठिकाणी असलेली गोष्ट आहे. भोर घाटात हजारो गेले, पण तो घाट चढताना आपण चिक्कीची आठवण काढतो.

आता जरा लांब जातो. मुलगी अमेरिकेत असते म्हणून आम्ही एकदा तिकडे गेलो होतो. जावयांना माझा आजार माहीत आहे. त्यांनी मला व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड शहरी नेले आणि एका टेकडीच्या पायथ्याशी बंद केलेले बोगद्याचे तोंड दाखवले. चर्च हिलचा बोगदा. १८७३ साली सुरू झालेला, सुमारे १२०० मीटरचा. तिथलीही माती तशीच, पाणी प्यायली की फुगणारी, वाळली की आक्रसणारी निळसर चिकणमाती. बांधतानाही तो ढासळलाच होता. पुढे दुसरा मार्ग झाला म्हणून तो वापरातून गेला, आणि वीसहून अधिक वर्षांनी पुन्हा वापरायचा म्हणून दुरुस्ती काढली. २ ऑक्टोबर १९२५ ला आत इंजिन आणि दहा सपाट वॅगनी उभ्या असताना छत खाली आले. आतले बरेचसे मजूर वॅगनींच्या खालून सरपटत दुसऱ्या तोंडाने निसटले. फायरमन वाफेने भाजलेल्या अवस्थेत बाहेर आला आणि दवाखान्यात गेला. इंजिन ड्रायव्हर टॉम मेसन यांचा मृतदेह आठवडाभराने हाती लागला. खणावे तितके ढासळू लागले, तेव्हा शोध थांबवला आणि बोगदा वाळूने भरून तोंडे बंद करून टाकली. गाडी आतच आहे. शंभर वर्षे झाली.

त्या शहरात हा बोगदा सगळ्यांना माहीत आहे. भाजलेला फायरमन धावत बाहेर आला, त्याची पुढे पिशाच्चाची कथा झाली, ती पोरांना सांगतात. इंजिनाचा नंबर २३१, हा तर कोणीही सांगतो. आणि आत राहिलेले मजूर? ते काळे मजूर होते, रोजंदारीवरचे. दोघांची नावे सांगतात. पण दोनच होते की अधिक होते यावर तिथे अजून एकमत नाही. मी जावयांना म्हटले, इंजिनाचा नंबर पाठ आहे आणि माणसे किती ते पक्के नाही. जावई म्हणाले, "बाबा, इंजिन रजिस्टरवर होतं."

हे वाक्य मी बरोबर घेऊन आलो.

अमेरिकेला कशाला जायला पाहिजे? आपल्या कटनीच्या रस्त्यावर स्लीमनाबाद आहे. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनसाहेबाच्या नावाचे गाव, आपण येता-जाता पाहतो. तिथे बरगीच्या पाण्याचा कालवा डोंगराखालून नेण्यासाठी बोगदा खणत होते. बोगदा कालव्याचा, रेल्वेचा नव्हे, पण माती मातीच असते. १२ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री तिथे माती खचली आणि नऊ मजूर अडकले. सात जणांना बाहेर काढले. दोघे गेले. इथून तासा-दीड तासाच्या अंतरावर. बरगीचे धरण आपलेच, नर्मदा आपली. या सभागृहात त्या दोघांचे गाव कोणते होते हे सांगू शकेल असे कोणी आहे का? मी स्वतः सांगू शकत नाही. आणि पुढच्याच वर्षी उत्तराखंडात सिलक्याराच्या बोगद्यात ४१ माणसे १७ दिवस अडकली, तेव्हा आपण सगळे रोज रात्री टी.व्ही.समोर बसलो होतो, ती सुखरूप बाहेर आली तेव्हा टाळ्या वाजवल्या. शेवटचे काही मीटर यंत्र मोडल्यावर हातांनी खणून त्यांना काढले, आणि खणणारे मजूरच होते. वाचलेल्यांची गोष्ट मोठी होते, हेही ठीकच. माणसाला बरे वाटणारी गोष्ट लक्षात ठेवायला आवडते.

पण मी कोणाला बोट दाखवायला उभा नाही. माझे स्वतःचे सांगतो. हे मी आतापर्यंत घराबाहेर बोललेलो नाही.

मी नोकरीत नवा होतो. १९८० नंतरची दोन-चार वर्षे. ऑगस्ट महिना, काळी माती, एका कटिंगमध्ये नाली तुंबली होती आणि पाणी रुळाकडे येत होते. सेक्शनचे नाव माइकवर सांगत नाही. रात्रीची वेळ. मी दोन गँगमन नाली मोकळी करायला पाठवले. काम तेच होते, नियमाप्रमाणे होते, चौकशीतही तेच निघाले. वरून दरड आली. एक जण परत आला.

आता ऐका. त्या रात्री पॅसेंजर किती वेळ अडकली हे मला आजही पाठ आहे. तीन तास चाळीस मिनिटे. मालगाड्या दोन, एक पन्नास मिनिटे, एक पाच तास दहा मिनिटे. कारण या प्रत्येक मिनिटाचा खुलासा मला लेखी द्यायचा होता आणि तो मी तीनदा लिहिला होता. आणि त्या माणसाचे नाव मला आठवत नाही. त्याच्या बायकोला पैसे मिळावेत म्हणून फॉर्म मीच माझ्या हाताने भरला होता, त्यावर तिचे नाव होते, मुलांची वये होती. तिचा अंगठा मीच धरून शाईच्या पॅडवर टेकवला होता. हाताला कसा लागला तो अंगठा, तेही आठवते. नाव नाही.

सावंतवाडीच्या प्लॅटफॉर्मवर तो पोरगा मोबाइलवर ओरडत होता तेव्हा मला त्याचा राग आला नाही, तो याच्यासाठी. मी त्याच्याच जातीचा. आम्ही दोघेही मिनिटे मोजणारे.

गेल्या काही वर्षांत आपल्या जबलपूरहून कोइम्बतूरला जाणारी एक साप्ताहिक विशेष गाडी कोकण रेल्वेने धावू लागली. इटारसी, भुसावळ, नाशिक, पनवेल, मग रत्नागिरी, कुडाळ, थिवी, मडगाव. तुमच्यापैकी काही जण तिने गोव्याला जाऊन आलात, फोटोही दाखवलेत. कुडाळ गेले आणि थिवी यायचे आहे, त्या मध्ये एक बोगदा लागतो. फार लांब नाही. डब्यातली पोरे एक आरोळी पुरी करेपर्यंत उजेड येतो. तो पेडण्याचा. मी मागच्या खेपेला गेलो तेव्हा घड्याळ पाहायचे नाही असे ठरवले होते. पाहिलेच. सवय.

मी आकडे पुन्हा सांगेन म्हणालो होतो. नऊ बोगदे, १९ माणसे. सगळी लाइन मिळून ७४.

एक विनंती करून मी थांबतो. समोर आमच्या खात्यातले काही जुने सहकारी बसलेले मला दिसताहेत, काही लोको शेडचे, काही ट्रॅफिकचे, दोन-तीन तर लाइनवर माझ्याबरोबर काम केलेले. तो गँगमन नरसिंगपूरकडचा होता. उंच, डाव्या कानात बाळी. गँगमध्ये त्याला सगळे एका टोपणनावाने हाक मारत आणि तेच माझ्या डोक्यात घोटाळा करते आहे, खरे नाव त्याखाली दबले आहे. ऑफिसची त्या वेळची रजिस्टरे केव्हाच रद्दीत गेली, मी चौकशी केली आहे. सेक्शन कोणता, वर्ष कोणते, ते मी प्रत्यक्ष भेटीत सांगेन. कोणाला आठवत असेल, किंवा आठवणारा कोणी माहीत असेल, तर आरती झाल्यावर मी इथेच आहे, मंडपाच्या डाव्या बाजूला, खुर्च्या मोजून घ्यायचे काम चिटणिसांनी माझ्याकडे दिले आहे.